पहिला तास आणि नंतरचे दिवस

अँटिबायोटिक जपून वापरा असं सांगणाऱ्या प्रत्येक मोहिमेचा पहिला धडा धीर धरण्याचा असतो. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक नको, दोन दिवस थांबा, ताप आपसूक उतरेल. धडा बरोबर आहे आणि तो आपल्याकडे अजून पुरता पोचलेला नाही. पण ल्युकेमियासाठी केमोथेरपी चालू असलेल्या, काउंट पडलेल्या मुलाला ताप आला आणि कुणी हाच धडा गिरवला, तर मूल दगावू शकतं. तिथे नियम नेमका उलटा आहे. मूल रुग्णालयाच्या दारात आल्यापासून एका तासाच्या आत रक्ताचं कल्चर काढून शिरेतून पहिला डोस गेलेला असला पाहिजे. कल्चरच्या अहवालासाठी थांबायचं नाही, खाट मिळण्यासाठी नाही, केसपेपर पुरा होण्यासाठीही नाही.

म्हणून कर्करोगाची मुलं आणि प्रत्यारोपणाचे रुग्ण यांच्या बाबतीत ‘जबाबदारीने वापर’ म्हणजे ‘कमी वापर’ असं समीकरण मांडता येत नाही. वाचकाच्या हाती असलेल्या या लेखसंग्रहाचा सगळा भर या अवघड जागेवर आहे. पहिला डोस तातडीने देणं आणि गरज संपली की औषध बंद करणं, ही एकाच जबाबदारीची दोन टोकं आहेत. पहिलं टोक वैद्यकशास्त्र गेल्या पन्नास वर्षांत बऱ्यापैकी शिकलं. दुसरं शिकायला फार उशीर लागला. त्या उशिराची सर्वांत मोठी किंमत आज मोजताहेत ते हेच रुग्ण, ज्यांचं अँटिबायोटिकवाचून एक आठवडाही चालत नाही.

नवख्या वाचकासाठी थोडं मुळापासून सांगायला हवं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ही जिवाणूंविरुद्धची आपली पहिली फळी. निरोगी मुलाच्या रक्तात त्या दर मायक्रोलिटरला साधारण दीड हजारांहून जास्त असतात. केमोच्या फेरीनंतर आठवडा-दीड आठवड्यात त्या ५००च्या खाली, कधी १००च्याही खाली जातात. ‘काउंट पडणं’ ते हेच. अशा मुलाच्या शरीरात जिवाणू शिरले तरी पू धरत नाही, कारण पू होतो तो याच पेशींचा. फुप्फुसात संसर्ग असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. पुष्कळदा उरतं एकच लक्षण, ते म्हणजे ताप. आणि हे जिवाणू बहुतेकदा दुरून आलेले नसतात. ते मुलाच्याच आतड्यातले, तोंडातले, कातडीवरचे असतात. केमोने तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं, किंवा छातीत बसवलेल्या लाइनमधून वाट मिळते आणि ते रक्तात उतरतात. आपलेच जंतू आपल्यावर उलटतात, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. पुढचे बरेचसे वाद तिच्यापाशीच येऊन पोचतात.

या क्षेत्राचा इतिहास एका भारतीयापासून सुरू करणं योग्य होईल. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. तिथे तयार झालेलं अमिनॉप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. आजार तात्पुरता का होईना मागे हटतो, हे त्यांनी १९४८च्या जूनमध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी, त्याच लेडर्लीतून, बेंजामिन डगर यांनी शोधलेलं ऑरिओमायसिन जगापुढे आलं. टेट्रासायक्लिन गटातलं हे पहिलं औषध. मुलांच्या कर्करोगावरचं पहिलं परिणामकारक रसायन आणि प्रतिजैविकांचा एक अख्खा गट, दोन्ही एकाच माणसाच्या देखरेखीखाली घडले. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. आपल्या एका औषधाने दुसऱ्याची गरज किती वाढवली, हे पाहायला ते उरले नाहीत.

ती गरज किती आहे, हे १९६६मध्ये मोजलं गेलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या पेशींची मोजणी आणि त्यांना झालेले संसर्ग समोरासमोर मांडले. पेशी जितक्या कमी आणि जितके दिवस कमी, तितका धोका जास्त, हे त्या निबंधाचं निरीक्षण आजही या क्षेत्राचा पाया आहे. ५०० आणि १०० या आज पाठ झालेल्या मर्यादांमागे तेच काम आहे. त्याच्या चार लेखकांत मराठी वाचकाची नजर अडेल असं एक नाव आहे, वाय. एस. साठे.

धोका कळला तरी उपचाराची पद्धत जुनीच होती: आधी जंतू ओळखा, मग औषध द्या. तत्त्व म्हणून यात काही चूक नव्हती. पण स्यूडोमोनाससारखा जिवाणू रक्तात शिरला तर कल्चरचं उत्तर हाती येईपर्यंत अनेक रुग्ण गेलेले असत. १९७१मध्ये बाल्टिमोरच्या स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी ताप येताच, जंतू माहीत नसताना, कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू केलं आणि मृत्यू लक्षणीय घटले. ‘अंदाजाने, पण ताबडतोब’ हा पंथ तिथून सुरू झाला. युरोपातल्या संशोधकांच्या गटांनी पुढे दोन औषधं की एक, कोणतं एक, यावर एकामागून एक चाचण्या केल्या. १९८६पर्यंत एकटं सेफ्टॅझिडिम पुरेसं ठरतं असा पुरावा आला. हा भाग मी घाईने ओलांडतो आहे, कारण औषधांची नावं बदलत राहतात. तत्त्व तेच राहिलं.

थांबावं लागतं ते १९७९पाशी. फिलिप पिझो आणि सहकाऱ्यांनी प्रश्न विचारला की सात दिवस औषध दिलं, ताप गेला, कल्चरमध्ये काही आलं नाही, पण काउंट अजून वर आले नाहीत, तर औषध थांबवावं का? अशा ३३ मुलांचे आणि तरुणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. औषध चालू ठेवलेल्या १६ जणांत कुणालाच पुन्हा संसर्ग झाला नाही. थांबवलेल्या १७ पैकी ७ जणांना झाला. प्रामाणिक, धाडसी काम होतं ते. पण ३३ रुग्णांच्या या अभ्यासावर जगभरच्या वॉर्डांनी पुढची तीसेक वर्षं काढली. ‘काउंट वर येईपर्यंत अँटिबायोटिक’ ही सवय झाली, आणि सवयीला पुन्हा पुरावा मागण्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मधल्या काळात औषधं बदलली, लाइन बदलल्या, तपासण्या वेगवान झाल्या, जंतूही बदलले. भीती मात्र १९७९चीच राहिली.

ती भीती मी समजू शकतो. औषध चालू असताना मूल गेलं तर आजाराने गेलं म्हणतात. औषध बंद केल्यावर गेलं तर ते डॉक्टरच्या हातून गेलं, असं डॉक्टरला स्वतःलाच वाटतं. या असमान ओझ्याबद्दल वैद्यकीय पाठ्यपुस्तकं बोलत नाहीत. या संग्रहात त्याबद्दल मोकळेपणी लिहिलं गेलं आहे, आणि माझ्या मते ते या पुस्तकाचं सर्वांत मोलाचं काम आहे.

सवय मोडायला सुरुवात झाली २०११च्या सुमारास. युरोपातल्या ल्युकेमिया-संसर्ग परिषदेने त्या वर्षी सांगितलं की रुग्ण स्थिर असेल, ४८ तास ताप नसेल आणि संसर्गाचा पुरावा नसेल, तर काउंट काहीही असोत, ७२ तासांनंतर औषध थांबवण्याचा विचार करता येईल. मग स्पेनमधल्या ‘हाउ लाँग’ चाचणीने २०१७मध्ये आणि नेदरलँड्समधल्या ‘शॉर्ट’ चाचणीने २०२२मध्ये, दोन्ही रक्ताच्या आजारांच्या प्रौढ रुग्णांत, या विचाराला पुष्कळ बळ दिलं. मुलांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची मार्गदर्शिका २०१२मध्ये आली, २०१७ आणि २०२३मध्ये सुधारली गेली. ताज्या आवृत्तीनुसार कमी धोक्याच्या गटातलं मूल बरं दिसत असेल, २४ तास ताप नसेल आणि ४८ तासांचं कल्चर स्वच्छ असेल, तर काउंट वर येण्याची वाट न पाहता औषध बंद करता येतं. जास्त धोक्याच्या मुलांबद्दल, विशेषतः मायलॉइड ल्युकेमियाच्या ज्या मुलांचे काउंट तीन-तीन आठवडे तळाशी राहतात त्यांच्याबद्दल, मतभेद कायम आहेत. या संग्रहातले लेखकही तिथे एकमेकांशी सहमत नाहीत. संपादकांनी ते मतभेद झाकले नाहीत, याचा मला आनंद आहे.

‘कमी धोका’ ही कल्पना घडवण्यात चिलीच्या मारिया एलेना सांतोलाया आणि त्यांच्या गटाचा वाटा फार मोठा आहे. ज्या देशात खाटा मोजक्या आणि पैसा कमी, तिथल्या सार्वजनिक रुग्णालयांत त्यांनी तापाच्या मुलांचे धोक्यानुसार गट पाडून दाखवले. काहींना लवकर घरी पाठवून सांभाळलं. २०१७मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. श्वसनमार्गात विषाणू सापडलेल्या आणि बरं दिसणाऱ्या मुलांत दोन दिवसांनी अँटिबायोटिक थांबवलं, आणि मुलांचं काही बिघडलं नाही. हे काम आपल्याला मेलबर्न किंवा मेम्फिसच्या कामापेक्षा जवळचं वाटायला हवं, कारण त्यातल्या अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत.

पण एक अडचण आपली खास आहे. औषध थांबवून मुलाला सोडायचं तर ते कुठे जाणार? ताप पुन्हा चढला तर तासाभरात परत येऊ शकेल अशा ठिकाणी त्याला झोपायला जागा हवी. परळला टाटा रुग्णालयात बिहार, उत्तर प्रदेश, विदर्भ, खानदेशातून आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने मुंबईत काढतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या ठिकाणी एक खोली मिळाली, तर डॉक्टर सलाईन काढायला धजतो. पदपथावर झोपणाऱ्या मुलाचं सलाईन तो काढत नाही, आणि काढू नये. म्हणून मी असं मानतो की धर्मशाळेतली खोली, एक चालणारा थर्मामीटर आणि रात्रीही उचलला जाणारा फोन या गोष्टी अँटिबायोटिक धोरणाचाच भाग आहेत. वैद्यकीय नियतकालिकांत त्यांना जागा मिळत नाही. इथे मिळाली आहे.

आता प्रतिबंधाकडे वळू. संसर्ग होण्याआधीच औषध द्यावं का? इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत. १९७७मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या वॉल्टर ह्यूज यांनी कर्करोगाच्या मुलांना रोज को-ट्रायमॉक्साझोल देऊन न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया रोखला. खोटी गोळी घेणाऱ्या ८० पैकी १७ मुलांना तो झाला, खरं औषध घेणाऱ्या ८० पैकी एकालाही नाही. स्वस्त, जुनं औषध, नेमका शत्रू, स्पष्ट फायदा. पुढे दिसलं की आठवड्यातून तीनच दिवस दिलं तरी भागतं. दुसरं उदाहरण २०१८चं. अमेरिका आणि कॅनडातल्या चाचणीत लिव्होफ्लॉक्सासिन दिल्यावर ल्युकेमियाच्या मुलांत रक्तातला जिवाणूसंसर्ग ४३.४ टक्क्यांवरून २१.९ टक्क्यांवर आला, पण मूळपेशी-प्रत्यारोपणाच्या मुलांत फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. हे आकडे वाचून आपणही तेच सुरू करावं का? जिथे आतड्यातले जंतू आधीच या गटाच्या औषधांना दाद देत नाहीत, तिथे त्या गोळीचा फायदा आटतो आणि तोटा मात्र तसाच राहतो. परदेशी चाचणीचा निष्कर्ष उचलण्याआधी आपल्या वॉर्डातल्या जंतूंचा हिशेब मांडावा लागतो.

अस्थिमज्जा किंवा मूळपेशींच्या प्रत्यारोपणाची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. सिएटलच्या डोनाल थॉमस यांनी हा उपचार उभा केला आणि त्यांना १९९०चं नोबेल मिळालं. भारतात त्याची सुरुवात १९८३मध्ये टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केली. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटणं हा या उपचारातला मोठा धोका. त्याला ‘ग्राफ्ट व्हर्सस होस्ट’ आजार म्हणतात. सत्तरच्या दशकात नेदरलँड्समध्ये व्हॅन बेकम आणि सहकाऱ्यांना दिसलं की जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना हा आजार कमी होतो. मग माणसांतही तेच करून पाहावं असं ठरलं. रुग्णांना गाळलेल्या हवेच्या खोल्यांत ठेवलं, निर्जंतुक अन्न दिलं, तोंडावाटे अँटिबायोटिक देऊन आतडं ‘स्वच्छ’ करायचा प्रयत्न केला. काही ठिकाणी फायदा दिसला, पण आतडं खरोखर जंतुविरहित करणं माणसात जवळजवळ अशक्य होतं.

चाळीस वर्षांनी चित्र पालटलं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रातल्या संशोधकांनी रुग्णांचे शौचनमुने आठवड्यामागून आठवडे तपासले. प्रत्यारोपणाच्या काळात आतड्यातल्या जंतूंची विविधता कोसळते आणि एखादीच जात, पुष्कळदा एंटेरोकोकस, सगळं बळकावते. शेतात पीक दाट उभं असेल तर तणाला जागा मिळत नाही. पीक जाळून टाकलं की पहिलं उगवतं ते तण. २०२०मध्ये अमेरिका, जर्मनी आणि जपानमधल्या चार केंद्रांतल्या १,३६२ रुग्णांच्या ८ हजारांहून अधिक नमुन्यांतून दिसलं की विविधता कमी असलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त होतात, आणि हे चारही ठिकाणी सारखंच. त्याआधी, २०१६मध्ये, याच गटाने दाखवलं होतं की इमिपेनेम किंवा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम मिळालेल्या रुग्णांत ग्राफ्ट व्हर्सस होस्टमुळे होणारे मृत्यू अधिक आढळतात. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरं. ज्यांना जास्त औषध लागलं ते मुळातच जास्त आजारी होते, अशी शंका रास्त आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांनी ती पुरती फिटत नाही. तरीही एक गोष्ट आता कुणी नाकारत नाही. अनावश्यक अँटिबायोटिकचा तोटा पुढच्या पिढीला किंवा समाजाला होतो, असं आपण सांगत आलो. तो तोटा त्याच मुलाला, त्याच महिन्यात होतो. आईवडिलांना आणि सहकारी डॉक्टरांना पटवताना एवढी एकच गोष्ट सांगता आली तरी पुष्कळ झालं.

अवयव-प्रत्यारोपणाचा प्रदेश वेगळा आहे. मूत्रपिंड किंवा यकृत मिळालेल्या मुलाचे काउंट सहसा पडत नाहीत, पण नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती आयुष्यभर दाबून ठेवावी लागते. बोस्टनच्या रॉबर्ट रुबिन यांनी १९८१मध्ये मांडलेलं वेळापत्रक अजूनही उपयोगी पडतं. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेचे आणि रुग्णालयातले संसर्ग होतात. सहाव्या महिन्यापर्यंत संधिसाधू जंतूंचा काळ असतो. त्यानंतर बहुतेक संसर्ग चारचौघांना होतात तेच. या शेवटच्या टप्प्यात मूल आपल्या गावी परतलेलं असतं आणि त्याच्या खोकल्याला औषध लिहून देतात ते गावातले डॉक्टर. तिथे एक साधी चूक फार महाग पडते. टॅक्रोलिमस घेणाऱ्या मुलाला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं तर रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं आणि मूत्रपिंडाला इजा होते. क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू केलं तर ते इतकं घसरतं की अवयव नाकारला जाऊ शकतो. क्षय घरोघरी असलेल्या देशात ही माहिती प्रत्यारोपण केंद्राच्या भिंतीआड ठेवून चालणार नाही. नको तिथे औषध देण्याचा मोहही इथे मोठा आहे. मूत्रपिंड-प्रत्यारोपणाला महिना उलटल्यावर, कोणताही त्रास नसताना, केवळ लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आले म्हणून औषध देऊ नये, असं अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९मध्ये स्पष्ट सांगितलं. तरी तो अहवाल हातात आला की लेखणी चालतेच.

हे सगळं आज इतक्या निकडीने का सांगायचं? कारण अंदाजाने औषध देण्याचा पाया डळमळला आहे. पहिल्या तासात दिलेलं औषध जंतूवर चालेल, हे शिम्फ यांनी गृहीत धरलं होतं आणि त्यांच्या काळात ते बऱ्याच अंशी खरं होतं. २०१०मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेमना दाद न देणाऱ्या जंतूंत एनडीएम हे विकर सापडल्याचं आपल्या फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात नोंदवलं. कार्बापेनेम म्हणजे मेरोपेनेमसारखी, एरवी राखून ठेवायची औषधं. ती निकामी झाली की मूत्रपिंडांना अपाय करणाऱ्या, एकेकाळी मागे टाकलेल्या कोलिस्टिनकडे वळावं लागतं, किंवा नव्या, महागड्या जोडीकडे. सेफ्टॅझिडिम-अॅव्हिबॅक्टम एकट्याने एनडीएमवर चालत नाही. सोबत अॅझ्ट्रिओनॅम लागतं. आणि दुष्टचक्र असं की प्रतिरोध जास्त म्हणून पहिल्याच दिवशी मेरोपेनेम, आणि मेरोपेनेम जास्त म्हणून प्रतिरोध आणखी जास्त. ज्या मुलाचा कर्करोग बरा होण्याजोगा आहे, ते मूल कर्करोगाने न जाता रक्तातल्या क्लेब्सिएलाने जातं. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलं आणि किशोर कर्करोगग्रस्त होतात. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. हे यश केमोइतकंच अँटिबायोटिकच्या भरवशावर उभं आहे.

सरकारी पातळीवर काहीच झालं नाही असं नाही. २०१३च्या अधिसूचनेने ‘शेड्यूल एच-वन’ आलं आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं आणि कार्बापेनेम यांच्या विक्रीची नोंद ठेवणं औषधविक्रेत्याला बंधनकारक झालं. २०१७मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. केरळने २०१८मध्ये स्वतःचा राज्य आराखडा आणला. पशुखाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर २०१९मध्ये बंदी आली. यातलं प्रत्येक पाऊल आवश्यक होतं. पण काउंट पडलेल्या मुलाच्या खाटेशी रात्री निर्णय घेणाऱ्या निवासी डॉक्टरला यातून काय मिळतं? त्याला हवा असतो आपल्याच रुग्णालयाचा अँटिबायोग्राम (कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं याचा तक्ता), वेळेवर येणारा कल्चरचा अहवाल आणि फोनवर पलीकडे असलेलं एक जाणतं माणूस.

त्या जाणत्या माणसाने काम कसं करावं, याबद्दल दोन घराणी आहेत. एक म्हणतं, मोठं औषध द्यायचं तर आधी परवानगी घ्या. दुसरं म्हणतं, औषध सुरू करा. आम्ही दोन दिवसांनी येऊन सोबत बसू आणि चालू ठेवायचं की बदलायचं ते ठरवू. कर्करोग-वॉर्डात पहिली पद्धत धोक्याची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. परवानगीच्या फोनात पहिला तास जातो. दुसऱ्या पद्धतीचं एक सुंदर रूप अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या बालरुग्णालयाने रूढ केलं. संसर्गतज्ज्ञ आणि औषधतज्ज्ञ रोज प्रत्येक वॉर्डात जाऊन समोरासमोर बोलतात. संगणकावर शेरा मारून निघून जात नाहीत. कर्करोगतज्ज्ञाचा विश्वास असा रोजच्या भेटीतून बसतो. आपल्याकडे औषधतज्ज्ञ अजून औषधाच्या खिडकीमागेच बसवला जातो, हे मोठं नुकसान आहे.

परिचारिकांबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. कल्चर औषधाआधी निघालं का, बाटलीत पुरेसं रक्त गेलं का, लाइन हाताळताना हात धुतले का, डोस ठरल्या वेळी सुरू झाला का, हे सगळं त्यांच्या हातात असतं. संसर्गच झाला नाही तर अँटिबायोटिकचा प्रश्नच येत नाही, आणि लाइनचा संसर्ग टाळण्याइतकं मोठं काम या क्षेत्रात दुसरं नाही. परिचारिकेने लिहिलेलं प्रकरण मी सर्वांत आधी वाचलं आणि वाचकानेही ते आधी वाचावं अशी माझी शिफारस आहे.

हे पुस्तक मराठीत का? या विषयावरचं बहुतेक लेखन इंग्रजीत आहे आणि ते तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी केलेलं आहे. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलाला ताप येतो तेव्हा पहिला माणूस तज्ज्ञ नसतो. आई असते, आशाताई असते, तालुक्याचे डॉक्टर असतात. केंद्र पाच-सहा तासांवर असेल तर पहिला डोस कुणी आणि कुठे द्यायचा? डॉक्टरांना कळवण्याआधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नये, गुदद्वारातून ताप मोजू नये, एनिमा देऊ नये, हे कुणी सांगायचं? तालुक्याला दोन दिवस सेफ्ट्रिॲक्सोन देऊन मग मूल वर पाठवलं जातं. तोवर कल्चर काढायची वेळ निघून गेलेली असते, आणि स्यूडोमोनासवर तर ते औषध चालतच नाही. या प्रश्नांची उत्तरं मराठीतूनच द्यायला हवीत. लेखकांनी ती वैद्यकीय काटेकोरपणा न सोडता दिली आहेत.

आईवडिलांसाठी लिहिलेल्या भागात एका गोष्टीची विशेष काळजी घेतली आहे. ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य आपण इतकी वर्षं ऐकवलं की डॉक्टरांनी औषध लवकर थांबवलं तर घरच्यांना ते दुर्लक्ष वाटतं, किंवा पैसे संपले म्हणून थांबवलं असं वाटतं. त्यांना कारण सांगणं हा उपचाराचा भाग आहे: कल्चर स्वच्छ आहे, ताप नाही, मूल खेळतं आहे, आता हे औषध त्याला मदत करण्याऐवजी त्याच्या आतड्याचं नुकसान करील, आणि अमुक दिसलं तर लगेच परत या. याचा अर्थ घरच्यांनी मनाने औषध बंद करावं असा अजिबात नाही. न्यूमोसिस्टिससाठी दिलेली गोळी तर केमो संपल्यावरही सांगेपर्यंत चालू ठेवायची असते.

या संग्रहात काय नाही, तेही सांगायला हवं. बुरशीविरोधी आणि विषाणूविरोधी औषधांना इथे जेमतेम स्पर्श केला आहे. तो विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. औषधांच्या मात्रांचं तयार कोष्टकही इथे नाही, आणि ते जाणूनबुजून टाळलं आहे. कोणतं औषध पहिलं, याचं उत्तर नागपुरात एक आणि मुंबईत दुसरं असू शकतं, एकाच रुग्णालयाच्या दोन मजल्यांवरही वेगळं असू शकतं. त्याऐवजी शेवटच्या प्रकरणात आपल्या वॉर्डाची वर्षभराची कल्चरं गोळा करून अँटिबायोग्राम कसा मांडायचा, किती नमुन्यांखाली आकड्यावर विसंबू नये, एकाच मुलाची पुन्हा पुन्हा आलेली कल्चरं कशी वगळायची, हे पायरीपायरीने दाखवलं आहे. सोबत रिकामे तक्ते जोडले आहेत. ज्या विभागाकडे सूक्ष्मजीवतज्ज्ञ आहे त्याने ते या वर्षीच भरायला घ्यावेत. ज्याच्याकडे नाही, त्याने जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेशी बोलणी कशी सुरू करायची, त्याचा मसुदाही त्याच प्रकरणात आहे.